कडकमावशींनी परत केलेला बॉयलर

तिला सगळे कडकमावशी म्हणायचे. लाँड्री म्हटली की खळ आणि इस्त्री आलीच, आणि मावशींचा स्वभावही खळ घातलेल्या चादरीसारखाच. वाकवायला गेलं की कडकन आवाज यायचा. पण मनाने वाईट नव्हती. कामाला येणाऱ्या बायकांची पोरं तापाने फणफणली की पहिली रिक्षा तीच बोलवायची आणि वर बडबडायची, "पोर आजारी पाडायला माझाच सोमवार सापडतो का तुम्हाला?"

लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याची लाँड्री म्हणजे एक खोली, दोन टब आणि कोळशाची इस्त्री. नवरा गेला तेव्हा नातेवाईक गोळा झाले आणि म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला झेपायचं नाही. ती म्हणाली, "टब ढकलायचे होते तेव्हा यातलं कुणी दिसलं नव्हतं मला." धाकटा दीर तेवढा पाठीशी उभा राहिला. हा दीर म्हणजे शब्दाला मोठा कंजूस माणूस. दिवसभरात बोललाच तर "बरं" आणि "होईल" एवढंच. दोघांनी मिळून धंदा वाढवला. रस्त्याकडेला काउंटर, त्यामागे लांबट पत्र्याची शेड, शेडमध्ये धुण्याचे मोठे ड्रम, वाफेचे प्रेस आणि चादरी सपाट करणारे तापते रूळ. आणि अगदी मागे, भिंतीपलीकडे, बॉयलरची खोली. तिथे दीर असायचा. तिथून वाफ आली तर पुढे सगळं चालणार, नाहीतर पुढचं सगळं नुसतं लोखंड.

गिऱ्हाइकांत एक इस्पितळ होतं आणि दोन हॉटेलं. इस्पितळाच्या चादरींवर मावशींचा जीव. ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरी ती स्वतः उजेडासमोर धरून बघायची.

जुना बॉयलर म्हातारा झाला. नळ्या गळायला लागल्या, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मावशी आणि दीर गावाबाहेरच्या जुन्या यंत्रांच्या आवारात गेले.

तिथला मालक इतका गोड बोलायचा की बाजारात त्याचं नाव साखरतोंड्या पडलं होतं. पांढरा शर्ट, हातात रुमाल, आणि प्रत्येक वाक्याला समोरच्याशी नातं जोडायची सवय. आवारात गंजक्या यंत्रांची गर्दी, आणि त्या गर्दीत तीन बॉयलर एका रांगेत उभे. तिघांनाही एकसारखा लाल रंग, रंग इतका ताजा की जवळ गेलं तर नाकाला झोंबावा.

"कशासाठी हवाय, मावशी?" त्याने विचारलं.

"लाँड्रीसाठी. दिवसभर चालायला हवा. माझ्या शेडमध्ये बायका काम करतात, हे आधीच सांगते. मागाहून कुरकुर नको."

"दिवसभर? अहो, हा घ्या. थकणार तुम्ही, हा नाही थकायचा. एका बंद पडलेल्या कारखान्यातून आलाय, फार वापरलेलासुद्धा नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला दिला असता असा माल आहे."

"बहिणीला का नाही दिला मग?"

"तिची लाँड्री नाही ना!" तो खळखळून हसला. दीरही हसला. मावशींना मात्र का कोण जाणे, हसू आलं नाही.

एवढा लहान बॉयलर सरकारी तपासणीच्या कक्षेत बसत नव्हता. त्यामुळेच तर अशा आवारांचा धंदा चालायचा. किमतीचा शेवटचा हप्ता काही आठवडे चालवून पाहिल्यावर द्यायचा, एवढं मावशींनी कबूल करून घेतलं आणि बॉयलर शेडमागे येऊन उभा राहिला.

सुरुवातीला कुणाची तक्रार नव्हती. वाफ भरपूर, प्रेस सणसणीत तापायचे, बायका म्हणायच्या आता हात भाजतात. मग एका सकाळी मावशी मागच्या खोलीत डोकावल्या आणि त्यांना बॉयलरच्या पोटाखाली रंगाला फोड आलेले दिसले. फोड इकडेतिकडे नव्हते. आखून काढल्यासारखे एका सरळ ओळीत होते. ओळीच्या खाली बारीक पांढरी रेघ, मीठ सुकल्यासारखी.

"भावोजी, हे काय?"

"घाम असेल," दीर म्हणाला.

मावशींनी ओल्या फडक्याने रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच होती. पुन्हा पुसली, पुन्हा आली. पुसायचं थांबवलं तर बोटभर लांब झाली. पाणी कुठूनतरी झिरपत होतं आणि बाहेर येता येता वाफ होऊन जात होतं. मागे राहत होता फक्त क्षार. पाणी दिसत नव्हतं, हेच मावशींना खटकलं. गळणारा नळ निदान टपटप तरी करतो.

साखरतोंड्या स्वतः आला. बॉयलरला थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं. "मावशी, नवी सूनसुद्धा रुळायला वेळ घेते. पाठवतो माझा वेल्डिंगवाला."

वेल्डिंगवाल्याने रेघेवर जोड मारला, वरून लाल रंग फासला आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता निघून गेला. मावशींनी चहा विचारला तर नको म्हणाला. पुढच्याच आठवड्यात नव्या जोडाच्या टोकापासून पुढे रेघ उमटली. जणू आतलं जे काही होतं ते नुसतं वाट वळवून पुढे निघालं होतं.

मग मावशींनी दिराला न विचारताच एका निवृत्त बॉयलर तपासनिसाला बोलावलं. म्हाताऱ्याने बॉयलर थंड करायला लावला, रंग खरवडला, छोटी हातोडी घेऊन जोडावर ठोकत ठोकत गेला. टण, टण, टण आणि मग एके ठिकाणी आवाज बसका आला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. तो तिथे पुन्हा ठोकायला धजला नाही. हातोडी पिशवीत टाकली.

"बाई, याच्यात कुणीतरी वर्षानुवर्षं घाणेरडं पाणी चालवलंय. जोड आतून खाल्लाय. वरून वेल्डिंग म्हणजे सडक्या दातावर सोन्याचं पाणी."

"कमी दाबावर चालवला तर?" दिराने विचारलं. इस्पितळाच्या चादरी तुंबल्या होत्या, त्याचा जीव त्यात अडकलेला.

"तर कमी दाबावर फुटेल," म्हातारा म्हणाला. "कधी, ते मला नका विचारू. आज संध्याकाळीही फुटेल, किंवा दोन वर्षं तुम्हाला हसत राहील."

त्या दिवशी मावशींनी बॉयलरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. दिराला म्हणाल्या, "राग धरायचा तर धरा. किल्ली मिळायची नाही."

वकीलबाई ही मावशींची जुनी गिऱ्हाईक. काळे कोट इस्त्रीला टाकायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

"कुलूप लावलंत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "कायदा तुम्हाला दोन वाटा देतो. तुम्ही कशासाठी घेताय हे त्याला सांगितलं होतंत, आणि माल त्या कामाचा निघाला नाही. तेव्हा एक तर माल नाकारा आणि पैसे परत मागा. किंवा माल ठेवून घ्या आणि खोटीमुळे झालेलं नुकसान भरून मागा. पण नाकारायचं असेल तर वेळेत. खोट कळल्यावरही वापरत राहिलात, तर तुम्ही तो पत्करलात असं होतं. मग नाकारता येत नाही."

"आणि तोवर माझ्या चादरी?"

"दुसऱ्या लाँड्रीकडून धुवून घ्या. तो जास्तीचा खर्चही मागू. नुसतं हातावर हात ठेवून बसलात तर कोर्ट विचारेल, तुम्ही नुकसान आवरलं का नाही?"

म्हणजे मावशींवर वेळ आली ती ज्याच्याशी जन्मभर स्पर्धा केली त्या पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याकडे गाठोडी पाठवायची. त्याने कपडे घेतले आणि हसला. ते हसू मावशींना बॉयलरपेक्षा जास्त भाजलं.

साखरतोंड्याने आधी नखरे केले. माल जसा होता तसा दिला, म्हणाला; तुम्ही आठवडेच्या आठवडे वापरलात, म्हणाला; उलट शेवटचा हप्ता थकवलात, मीच किमतीचा दावा लावतो. वकीलबाई म्हणाली, "तेही खरं आहे. विकणाऱ्यालाही कायदा असतो. चांगला माल देऊन पैसे मिळाले नाहीत तर तो किंमत मागू शकतो. पण चांगला माल दिला हे त्याला दाखवावं लागेल." तिने तपासनिसाचं मत त्याच्याकडे धाडलं.

आणि मग अचानक त्याचा सूर बदलला. सगळे पैसे परत, शेवटचा हप्ता माफ, बॉयलर उचलून न्यायचा खर्चही त्याचा. अट एकच. या व्यवहाराबद्दल मावशींनी कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. काढला तर पैसे परत द्यायचे.

"अशा अटी असतात," वकीलबाई म्हणाली. "नाव खराब होऊ नये म्हणून घालतात. पण नको असेल तर भांडू."

दीर म्हणाला, "वहिनी, सही करा." त्याच्याकडून एवढं मोठं वाक्य फार दिवसांनी आलं होतं. शेडमध्ये बायका रिकाम्या बसून एकमेकींचे केस विंचरत होत्या. मावशींनी सही केली.

ट्रक आला त्या दुपारी साखरतोंड्या स्वतः हजर. बॉयलर साखळ्यांनी वर उचलला गेला, क्षणभर हवेत डुलला, आणि खाली उभी असलेली माणसं आपसूक मागे सरकली. ट्रकच्या कोपऱ्यात रंगाचा एक डबा होता. हिरवा.

"आता याचं काय करणार?" मावशींनी विचारलं.

"माल आहे, मावशी. मालाला गिऱ्हाईक असतंच."

"कोण गिऱ्हाईक?"

त्याने रुमालाने कपाळ टिपलं. आवाजातली साखर तशीच होती, डोळ्यांतली मात्र विरघळून गेली होती. "तुम्ही परत केलात ना? मग आता तो माझा. तुमचं काम झालं. सुखात राहा."

ट्रक वळणापलीकडे गेला तरी मावशी दारात उभ्या. पैसे मिळाले होते. न्याय म्हणतात तो मिळाला होता. परत आलेल्या पैशांत थोडं कर्ज घालून त्यांनी नवा, छोटा पण कोरा बॉयलर आणला. इस्पितळाच्या चादरी परत आल्या. सगळं सुरळीत. फक्त मावशींना जेवण जाईना. ताटावर बसल्या की म्हणायच्या, "कुठे असेल हो तो आता?" आणि दीर म्हणायचा, "असेल."

ते कळलं त्याच ट्रकवाल्याकडून. तो गोधडी धुवायला घेऊन आला होता. बोलघेवडा गडी. म्हणाला, "तुमचा बॉयलर छान हिरवागार झालाय. नाल्यापलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे ना, तिथे बसवलाय. नवरा-बायको दोघं चालवतात. खूष आहेत."

मावशी गोधडीची पावती फाडता फाडता थांबल्या.

वकीलबाईने स्पष्ट सांगितलं. "मावशी, तुम्ही तोंड उघडलंत तर तो पैसे मागणार. कोर्टात ती अट टिकेल असं मला वाटत नाही, पण खात्री देत नाही. करार दोघांत झाला होता, तुम्ही आणि तो. पुढचा माणूस त्यात कुठेच नाही."

"तोच तर सगळ्यात आहे," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात शिरल्यावर आधी खळीचा वास आला. घरचाच वास, मावशींना क्षणभर बरं वाटलं. तापत्या रुळांमधून पुठ्ठा सरकत होता, टेबलांवर बायका खोकी घड्या घालून रचत होत्या, आणि टेबलांपासून चार पावलांवर, मध्ये भिंतसुद्धा नाही, हिरवा बॉयलर घुरघुरत होता.

पुठ्ठेवाला तरुण होता, बोलताना हात उडवणारा. त्याने मावशींचं ऐकून घेतलं आणि भुवया चढवल्या.

"तुम्ही वापरलात, आणि पैसे परत मिळाले म्हणता. मग फुटका कसा? फुटका माल कोण परत घेतो?"

"पुढच्याला देणारा घेतो, बाळा."

त्याने मावशींसमोरच साखरतोंड्याला फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला, एवढा मोठा की मावशींनाही ऐकू गेला. फोन ठेवून पुठ्ठेवाला म्हणाला, "ते म्हणतात, त्या बाईंना चालवता आला नाही, पैसे हवे होते म्हणून खोट काढली. आणि तुम्ही इथे यायचंच नव्हतं म्हणे. लेखी दिलंयत."

"दिलंय."

"मग आलात कशाला?"

जन्मात पहिल्यांदा कडकमावशी मुकाट्याने वळल्या. जाता जाता बॉयलरसमोर थांबल्या, वाकल्या आणि खालून तळहात न टेकवता जवळ नेला. पुठ्ठेवाल्याची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. मावशी तिला म्हणाल्या, "रोज सकाळी इथे खाली बघत जा. एवढंच."

नोटीस लगेच आली. साखरतोंड्याने सगळे पैसे परत मागितले होते, वर बदनामीचे वेगळे. दिराने ती वाचली, घडी घातली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "वहिनी, लाँड्री जाईल! ज्यांच्यासाठी गेलात त्यांनी तर हाकलून दिलं!" मग पुढे दोन दिवस तो जेवला, निजला, कामही केलं, पण वहिनीशी एक अक्षर बोलला नाही. आधीही फारसा बोलत नव्हता, पण हे न बोलणं वेगळं होतं, ते घरात कळत होतं.

पुठ्ठेवाल्याची बायको आली ती भर दुपारी, हातात बाजाराची पिशवी घेऊन, नवऱ्याला न सांगता. काउंटरवर कोपर टेकून ती पुढे वाकली.

"मावशी, आली."

"केवढी?"

तिने बोटं ताणून दाखवली. "पुसली तरी येते. काल रात्रपाळीच्या बायका म्हणाल्या, मधूनच शीळ घातल्यासारखा आवाज येतो. हे म्हणतात, मनाचे खेळ. पण रेघ त्यांनाही दिसली. आता घाबरलेत. म्हणतात, तुम्ही केलंत तसंच करू. परत देऊन टाकू."

मावशींनी तिचा हात घट्ट धरला. "परत देऊ नका."

"काय?"

"मी परत दिला म्हणून तो तुझ्या दारात आला. तू परत दिलास तर तिसऱ्याच्या दारात जाईल. तिथे कुणी वाकून बघणारं नसलं तर?"

दोघी तशाच वकीलबाईकडे गेल्या. वकीलबाईने मावशींची फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाली, "दुसरी वाट आहेच. माल नाकारू नका, ठेवून घ्या, आणि नुकसानभरपाई मागा. बॉयलर तुमचाच राहील, म्हणून त्याचं काय करायचं हेही तुम्हीच ठरवाल. आधी तपासनिसाकडून बघून घ्या, विकणाऱ्याला कळवा, आणि सगळ्यांसमोर कापून टाका. कापलेला जोड हाच पुरावा. पण खरं सांगते. परत दिलात तर पैसे उद्या मिळतील. भरपाई मिळायला वर्षं जातील. मिळेलच असंही नाही."

"तोवर कारखाना?" पुठ्ठेवाल्याच्या बायकोने विचारलं.

"तो तुमचा तुम्हालाच निभवावा लागेल," वकीलबाई म्हणाली.

पुठ्ठेवाल्याने बॉयलर विझवला, पण कापायचं ऐकून तो तडकला. आणि त्याच सकाळी, खोट कळवल्याचं पत्र पोचतं न पोचतं तोच, साखरतोंड्याचा ट्रक फाटकाशी उभा राहिला. मावशी आणि दीर दोघं तिथे होते. दीर का आला ते त्याने सांगितलं नव्हतं. मावशी निघाल्या तेव्हा तो चपला घालून दारात उभाच होता.

साखरतोंड्या या वेळी हसत नव्हता. "मी कुणाचं नुकसान करणारा माणूस नाही," तो पुठ्ठेवाल्याला म्हणाला. "पूर्ण पैसे आणलेत. वर तुमच्या खोळंब्याचे. आत्ता मोजून घ्या, माझा माल मला द्या. या बाईंच्या नादाला लागून कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या असतील तर तुमची मर्जी."

पुठ्ठेवाल्याचा हात फाटकाच्या कडीवर गेला. मागे त्याच्या कामाच्या बायका ओळीने उभ्या होत्या. कारखाना बंद म्हणजे त्यांच्या चुली बंद. त्यांच्यापैकी कुणी "देऊ नका" म्हणालं नाही. मावशी तरी काय बोलणार? त्यांनी स्वतः अशाच वेळी पैसे घेतले होते.

बायको तेवढी पुढे झाली. "एकच सांगा. उद्या हा कुणाच्या दारात उभा करणार?"

"ते तुम्हाला कशाला?"

"सांगा ना. नाव सांगा. आम्ही त्यांना फोन करतो, खोट सांगतो, आणि लगेच फाटक उघडतो."

साखरतोंड्याने रुमाल काढला, पण कपाळाला लावला नाही. नुसता मुठीत चुरगळत राहिला. ट्रकचं इंजीन चालूच होतं.

"नाव नाही सांगत हा," पुठ्ठेवाला हळूच, स्वतःशीच म्हणाला. त्याने कडी सोडली नाही, पण उघडलीही नाही. शेवटी म्हणाला, "जा तुम्ही."

जाताना साखरतोंड्या मावशींच्या शेजारून गेला. अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाला, "लोखंड काय, सगळीकडे असतं, मावशी. किती ठिकाणी वाकून बघणार?"

कापायला तपासनीस आला, गॅसने लोखंड कापणारा कारागीर आला, वकीलबाईने फोटोवाला आणला. ज्योत जोडाच्या एका टोकाला लागली. कारागीर थोडं कापून पुढे सरकणार, तेवढ्यात आतून करकर असा आवाज आला आणि जोड ज्योतीच्या पुढे आपणहून उघडत गेला, शिवण उसवावी तसा, पार दुसऱ्या टोकापर्यंत. कारागिराने ज्योत विझवली आणि दोन हात मागे उडी मारली. आतली कड काळी होती. जुनी चीर. नवं, चकचकीत लोखंड उरलं होतं ते नखाच्या जाडीचं, तेवढ्यावर सगळा दाब तोलून राहिलेला.

तपासनिसाने चष्मा काढून पुसला. "शीळ ऐकू येत होती म्हणालात ना," एवढंच तो बोलला.

खोकी रचणाऱ्या बायकांनी आपापली टेबलं पाहिली, मग ती कड पाहिली.

दीर त्या उघड्या पत्र्याजवळ जाऊन उभा राहिला. कडेवरून बोट फिरवायला गेला आणि हात मागे घेतला. बाहेर येऊन भिंतीला टेकला, तोंड पांढरंफटक. "वहिनी," तो म्हणाला, "मी रोज त्याच्याकडे पाठ करून बसून डबा खायचो. ऊब लागायची म्हणून."

मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नोटिशीचा विषय त्याने पुढे कधी काढला नाही.

कज्जा चालला, खूप चालला. पुठ्ठेवाल्याने मधल्या काळात बायकांना हाताने खोकी चिकटवायला बसवून कसाबसा धंदा टिकवला. मावशींवरचा दावा कोर्टाने काढून टाकला. लोकांच्या जिवावर बेतणारी गोष्ट लपवण्याचा करार आम्ही पाळायला लावणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले. पण तोवर तारखांना खेटे घालता घालता मावशींचं एक हॉटेल पलीकडच्या लाँड्रीवाल्याकडे गेलं ते गेलंच. पुठ्ठेवाल्याला पूर्ण भरपाईचा हुकूम मिळाला. हुकूम घेऊन कोर्टाचा बेलिफ गावाबाहेरच्या त्या आवारात गेला तर फाटक सताड उघडं. साखरतोंड्या नाही, पाटी नाही, यंत्रं नाहीत. जमिनीवर तेलाचे डाग तेवढे. उरलेले दोन बॉयलर कधी गेले, कुठे गेले, शेजाऱ्यांपैकी कुणाला सांगता येईना. ट्रकवाला म्हणाला, मी नाही नेले, शपथ.

कापलेल्या लोखंडाचे भंगारवाल्याने जे दिले तेवढेच पुठ्ठेवाल्याच्या हातात पडले.

मावशींनी तेव्हापासून एक नाद लावून घेतला. सुट्टीच्या दिवशी दिराला घेऊन बाहेर पडायच्या. रंगाऱ्याचा कारखाना, साबणवाला, बेकरी, जिथे म्हणून धुराडं दिसेल तिथे दार ठोठावायचं. "बॉयलर कधी घेतला? कुणाकडून? जरा बघू का?" कुणी चहा पाजायचं, कुणी वेड्यात काढायचं. एकाने तर कुत्रं सोडलं. दीर म्हणाला, "पुरे आता," आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा चपला घालून दारात उभा.

अशाच एका सुट्टीला दोघं कापड रंगवणाऱ्यांच्या गल्लीत पोचली. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, वर वाळत घातलेली निळी-पिवळी थानं. एका दाराआड वाफेचा आवाज येत होता. मावशींनी कडी वाजवली. निळ्या हातांचा माणूस बाहेर आला.

"बॉयलर? हो, नवाच आलाय. म्हणजे जुनाच, पण स्वस्तात मिळाला. एका फार चांगल्या माणसाने दिला, अगदी घरच्यासारखा बोलतो. का हो?"

"आत येऊन बघू का जरा?"

"आज नाही जमायचं. ऑर्डर आहे, दाब पूर्ण चढवलाय, सगळे कामावर आहेत. पुढच्या आठवड्यात या."

"बाबा, एकच मिनिट. माझं ऐकून तरी..."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मावशींनी पुन्हा ठोठावलं, मुठीने, मग तळहाताने. आत यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नसावं. समोरच्या खिडकीतून एक म्हातारी बघत होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल.

"वहिनी," दीर म्हणाला, "मागच्या बाजूला दार असेल." तो भिंतीच्या कडेने निघाला, आधी चालत, मग धावत. मावशी दार बडवत राहिल्या.